बत्तीस सेकंदांचे चोवीस

२९ जून, रविवार
आज सकाळच्या बैठकीचा जो वृत्तान्त चिटणीस खंडोजीने क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आहे, त्यात चार विधाने असून तीन चुकीची आहेत. तो लिहितो, "यशोवर्धन अण्णा रागावून, कॉफी अर्धी टाकून, तिथून निघून गेले." मी रागावलो नव्हतो. कॉफी अर्धी नव्हती, केवळ फेस उरला होता. निघूनही गेलो नाही, फाटकापर्यंत गेलो. रागावलो तो तेथे. "अण्णा उपस्थित होते" हे चौथे विधान ग्राह्य आहे.

वस्तुस्थिती अशी. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट गुरुवारी झाला. म्हणजे तेथील संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले. एका संघाने एस्टोनिया देशातील तार्मो काल्दवेर नामक सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच खेळाडू, उचलला. वय एकोणीस, उंची सात फूट दोन इंच. राजाजीनगरच्या आमच्या कोर्टाशेजारी जी दर्शिनी, म्हणजे इडली-कॉफीचे हॉटेल, आहे, तेथे क्लबचे लोक रविवारी खेळून झाल्यावर बसतात. पद्मनाभ हा पुण्याहून आलेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला कसल्याशा कंपनीत असलेला गृहस्थ. त्याने जाहीर केले, "काका, ह्याचं पोटेन्शियल तुफान आहे."

पोटेन्शियल म्हणजे जे आज नाही ते. जे नाही त्याचे वर्णन दीड तास चालले. इडली होती, ती थंड झाली.

मी १९९३ पासून क्लबच्या निवड समितीचा अध्यक्ष आहे. उंची हा गुण नव्हे, ती माहिती आहे, एवढेच मी म्हणालो. त्यावर अंजली (मुंबईची, गार्ड खेळते, बोलतेही तशीच, वाट अडवून) म्हणाली, "काका, तुम्ही त्याला खेळताना पाहिलंय तरी का?"

संकल्प: तार्मोचे सामने पद्धतशीर पाहणे. गटावर उत्तर न देणे.

रात्री ९. उत्तर दिले. मात्र शुद्धलेखनाच्या चुका दाखविणे याला उत्तर म्हणत नाहीत.

३० जून, सोमवार
टॅब्लेटवर तार्मोचे अमेरिकेतील आधीचे सामने पाहण्यास बसलो. अमेरिकन समालोचक तोंडात गरम बटाटा धरून शर्यत लावल्याप्रमाणे बोलतात. एकही वाक्य पूर्ण कळले नाही. ॲपच्या कंपनीस चार परिच्छेदांची ईमेल पाठविली.

सूनबाई श्वेता ऑफिसच्या मीटिंगमधून कान काढून आली, पडद्यावर कोठेतरी दाबले आणि म्हणाली, "घ्या बाबा, आता सावकाश बोलतील." मी तिला सांगितले की बटण दाबून माणसे सुधारत नसतात.

२ जुलै, बुधवार
ईमेलचा परिणाम झाला! समालोचक आता प्रत्येक शब्द सुटा उच्चारतात. किंचित मद्यपान केल्यासारखे वाटतात, परंतु स्पष्ट. कंपनीचे उत्तर आलेले नाही. शरमेमुळे असावे.

५ जुलै, शनिवार
तार्मोचे तीन सामने पाहून झाले. यास धावणे म्हणत असतील तर माझे रोजचे फिरणे ही मॅरेथॉन होय. कडलेकाई परिषेच्या, म्हणजे शेंगांच्या जत्रेच्या, गर्दीत अडकलेल्या माणसासारखा पुढे सरकतो. उडी मारतो तेव्हा वर जाण्यापूर्वी विचार करतो आणि खाली येण्यापूर्वीही करतो. बाकीचे खेळाडूही सुस्तावलेले आहेत, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नसावे. मी स्वतः कधी खेळलो नाही. सव्वीस वर्षे टाइमकीपर म्हणून टेबलामागे होतो. त्यामुळेच मला खेळ कळला. खेळणाऱ्यास फक्त दम लागतो.

६ जुलै, रविवार
माझे मत दर्शिनीत मांडले. पद्मनाभ म्हणाला, "काका, तो गार्डसारखा वेगात पळतो! सगळे तेच लिहितायत." अंजली म्हणाली, "त्याला स्लो म्हणणारे जगात तुम्ही एकटेच." मी म्हणालो, जगात मी एकटाच नीट पाहतो, याला माझा इलाज नाही. खंडोजी, ज्याचे घराणे आमच्याप्रमाणेच येथे कन्नड मुलखात शेकडो वर्षे मुरलेले आहे आणि ज्याने तरी माझी बाजू घ्यायला हवी होती, तो म्हणाला, "अण्णा, स्वल्प सबूर. पोर खेळू दे की आधी."

संकल्प: पुढील रविवारी न जाणे.

१३ जुलै, रविवार
गेलो. रविवार सोडल्यास आठवड्यात मला कोठे जायचे नसते. ही तक्रार नव्हे, वेळापत्रक आहे.

आज प्रकरणाचा निकाल लावला. माझा शब्द पणास लावतो म्हणालो, तर अंजली म्हणाली, "शब्द तर तुम्ही रोजच देता काका, खुर्ची लावा." सगळे हसले. मी लावली. तार्मोने पहिल्या अधिकृत सामन्यात दहा रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, पकडले तर मी अध्यक्षपद सोडीन. न पकडल्यास पोटेन्शियल हा शब्द क्लबमध्ये बंद.

खंडोजी हळूच म्हणाला, "सुम्ने, उगाच कशाला, अण्णा? तुमची खुर्ची कोण मागतंय?" मी त्याला ठराव लिहून घेण्यास सांगितले. त्याने लिहिले, "अध्यक्ष पद सोडण्याचा विचार करू शकतील." असला मिळमिळीत ठराव माझ्या नावावर नको. मी तो तीन वेळा फाडावयास लावला. अंतिम मसुदा: "अध्यक्ष त्याच क्षणी, विनाअट व लेखी राजीनाम्याची वाट न पाहता पदमुक्त झाले असे समजण्यात येईल." कोठेही फट नाही. खंडोजीने सही करताना माझ्याकडे पाहिले. त्यास असे लेखन पूर्वी पाहावयास मिळाले नसावे.

९ ऑगस्ट, शनिवार
गंभीर शोध. कपाटातून टाइमकीपर असतानाचे जुने स्टॉपवॉच काढले आणि तार्मोस मोजले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्यास त्यास जो वेळ लागतो, त्यात आमचा खंडोजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोहोचला असता.

परंतु शोध तो नव्हे. चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. त्याचे घड्याळ पडद्यावर दिसते. ते चोवीस सेकंद माझ्या घड्याळात बत्तीस भरतात! चार वेळा मोजले. चारही वेळा बत्तीस.

अर्थ उघड आहे. अमेरिकेत घड्याळे मुद्दाम मंद चालविली जातात, जाहिरातींसाठी असणार. सव्वीस वर्षे घड्याळ सांभाळलेल्या माणसाखेरीज हे कोणाच्या लक्षात यावे? लीगच्या कार्यालयास पत्र लिहिण्यास घेतले. विषय: काळाची अफरातफर.

२१ सप्टेंबर, रविवार
बत्तीस सेकंदांची गोष्ट दर्शिनीत सांगितली. पद्मनाभ दोसा चघळता चघळता थांबला. अंजली म्हणाली, "काका, घड्याळात सेल घाला." घरी येऊन नवा सेल घातला. तरीही बत्तीस. म्हणजे सेल निर्दोष, अमेरिका दोषी.

खंडोजी घरापर्यंत सोबत आला. म्हणाला, "अण्णा, ठरावात दहाचे पंधरा करूया, सरी? मी लिहितो, कोणाला सांगत नाही. पद्मनाभच म्हणाला, काकांना जाऊ देऊ नका." त्या मनुष्याची दया मला नको. घाबरला आहे, दुसरे काय. ठराव म्हणजे रबर नव्हे, असे खंडोजीस सुनावले.  तो "सरी बिडा", म्हणजे ठीक, सोडा, म्हणून गेला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
उद्या तार्मोचा पहिला सामना. पाडव्याची सुट्टी असल्याने सर्वांनी सकाळी पद्मनाभकडे जमावयाचे आहे. विजयाचे भाषण तयार आहे. चार पाने. त्यात पद्मनाभचा उल्लेख एकदाच, तोही तळटीपेत. उदारपणे वागण्याचा संकल्प आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा
पहाटे तिघे रिक्षावाले "बेळ्ळंदूरा? बरल्ल सर", म्हणजे येत नाही, म्हणून गेले. शेवटी श्वेताने टॅक्सी मागवून दिली, फराळाचा डबा दिला. चौदावा मजला. भिंतीएवढा टीव्ही.

सामना सुरू झाला आणि दहाही खेळाडू पाठीमागे कुत्रे लागल्याप्रमाणे धावू लागले. समालोचकांनी पुन्हा बटाटा तोंडात घेतला. मी उठून उभा राहिलो आणि पद्मनाभास सर्वांसमक्ष बजावले की त्याने यंत्रात फेरफार करून चित्र जलद केले आहे, हे आयटीवाल्यास शोभते, सभ्य माणसास नाही.

पद्मनाभ म्हणाला, "काका, लाइव्ह आहे हो. जे अजून झालंच नाही ते फास्ट कसं करू?"

मी स्टॉपवॉच काढले. चोवीस सेकंद चोवीस भरले. पुन्हा मोजले. चोवीस. तिसऱ्यांदा मोजत असता तार्मो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. मी बटण दाबण्यापूर्वी पोहोचला होता.

दहावा रिबाउंड मध्यंतरापूर्वी. एकूण चौदा. दहाव्यानंतर कोणी ओरडले नाही. कोणी हसलेही नाही, अंजलीसुद्धा. ते मला अधिक अपमानास्पद वाटले. खंडोजीने चकलीचे ताट माझ्याकडे सरकवले. मी घेतली. फराळ आमच्याच घरचा होता.

भाषण खिशातच राहिले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
श्वेतास विचारले की टॅब्लेटमध्ये कोणी काही केले आहे काय. म्हणाली, "बाबा, मीच नाही का जूनमध्ये पाऊण स्पीडला ठेवलं? तुम्हाला बोलणं कळत नव्हतं ना. सगळंच सावकाश होतं त्यात. माणसंपण."

मी म्हणालो, मला ठाऊक होते.

तिने टॅब्लेट हातात घेतला. मग विचारले, "नॉर्मल करून देऊ?" राहू दे म्हटले. उच्चार स्पष्ट येतात.

लीगच्या कार्यालयास लिहिलेले पत्र नशिबाने अद्याप मसुद्यातच होते. भाषा उत्तम साधली होती. पुसून टाकले.

२६ ऑक्टोबर, रविवार
ठरावात पळवाट शोधण्यासाठी तो सात वेळा वाचला. नाही. अशी निर्दोष रचना क्लबच्या इतिहासात दुसरी नाही. आज सकाळी जाऊन मी पदमुक्त झाल्याचे मीच वाचून दाखविले. पद्मनाभ म्हणाला, "काका, सोडा ना, गंमत होती." मी म्हणालो, तुझी असेल.

नवी अध्यक्ष अंजली. तिने ताबडतोब मला "मार्गदर्शक" नेमण्याची सूचना मांडली. मार्गदर्शक म्हणजे ज्यास विचारावयाचे नसते तो. नकार दिला. टेबलामागची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. उभ्यानेच संघाची यादी केली.

संकल्प: रविवारी उशिरा उठणे.

२ नोव्हेंबर, रविवार
साडेपाचला उठलो. उठून काय करावयाचे ते संकल्पात लिहिलेले नव्हते.

१० नोव्हेंबर, सोमवार
माझ्या निरोप समारंभाचा वृत्तान्त खंडोजीने गटावर टाकला आहे. गटावर उत्तर देणार नाही. तारखा मात्र येथे दुरुस्त करून ठेवीत आहे.

"१९९४ पासून अध्यक्ष." चूक. ऑगस्ट १९९३.

"१३ जुलैला अण्णांनी भरात येऊन पैज मारली." तारीख बरोबर. पैज नव्हती, ठराव होता.

"२२ ऑक्टोबरला अण्णांनी हार मानली." चूक. २२ रोजी मी फक्त चकली खाल्ली. मानले ते २६ रोजी, आणि तेही रिबाउंडपुरते. त्या मुलाचे फ्री थ्रो पाहवत नाहीत. फ्री थ्रो उभ्याने फेकतात, ते पाहण्यास टॅब्लेटचा कोणताही वेग चालतो.

"९ नोव्हेंबर रोजी समारंभ झाला, प्रकृतीच्या कारणाने अण्णा येऊ शकले नाहीत." तारीख बरोबर, कारण खोटे. प्रकृती उत्तम आहे. निमंत्रणात खंडोजीने "शनिवार, ९ नोव्हेंबर" असे छापले होते. ९ रोजी रविवार होता. माणसाने तारीख मानावी की वार, हा प्रश्न छापणाऱ्याने सोडवावयाचा असतो. मी वार मानला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे मला शक्य नव्हते. खुलासा करावा लागला असता.

८ नोव्हेंबर, शनिवार: सकाळी सात वाजता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चार पानी भाषण निरोपास साजेसे करून, मी कोर्टावर हजर होतो. नऊपर्यंत टेबलामागे बसलो. याची नोंद कोणाच्याही वृत्तान्तात नाही.