मोटारीची तहान

वडूज, १२ मार्च १९७३

सुभेदार हंबीरराव यांस वडूजच्या धुळीतून लालासाहेबाचा रामराम. तुझा गुडघा कसा आहे? शिराळ्याच्या विहिरींना अजून पाणी आहे असं ऐकतो. आमचंही नाव घेऊन प्या. इथे टँकर दिवसाआड येतो.

पत्रास कारण आमची मोटार. (तीच, सासऱ्यांकडून आलेली, जिला पाहून तू "हिला पेन्शन कवा?" असं विचारलं होतंस.) पंचवीस तारखेला, रविवारी, पाटणला आपल्या गुरुजींचा सत्कार. चौथीत ढगाची कविता म्हणताना मी तिसऱ्या कडव्याला अडलो, गुरुजी म्हणाले, उद्या म्हण, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली झाली. ते 'उद्या' आता पन्नास वर्षांनी उजाडतंय, गुरुजी नव्वदीला टेकलेत, आणि ऐन वेळी मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गायब होऊ लागलं. संध्याकाळी काठोकाठ भरावं, सकाळी झाकण काढावं तर आत नुसता अंधार. (ते पाणी माझ्या अंघोळीच्या वाट्याचं. तेव्हा पत्र जरा लांबूनच वाच.)

एका सकाळी गुंडा मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मोटारीखाली झोपून जमीन चाचपली, नळ्या हुंगल्या, इंजिनाचं तेल बोटावर घेऊन पाहिलं. सगळं कोरडं. "मास्तर, गळत असतं तर खाली वल दिसली असती. हितं तर धुरळा हाय. इंजानच पितंय, उघडाय लागंल!" इंजिन उघडायचं म्हणजे दोन महिने; तोवर गुरुजी थांबतील याची हमी कोण देणार? मी मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच पायरीवर पहारा दिला. पूर्वेला तांबडं फुटत होतं, एक जुनी ओळ ओठांवर येत होती (भूपाळीच्या चालीतली, तुलाही येते), तेवढ्यात आमच्या मंडळी आल्या, मोटारीखालून सवयीच्या हातानं भरलेलं घमेलं ओढलं आणि कुंपणाजवळच्या मोगऱ्याला नेऊन ओतलं.

विचारलं तर माझ्यावरच डाफरल्या. "आवं, असल्या दुष्काळात थेंब मातीत जाऊ द्यायचा व्हय? पंधरा दिस झालं, ठिपकतंय तिथं घमेलं ठेवतीया. गुंडा यायचा म्हणून उचललं, जागा पुसली, वर राख टाकली. परक्या माणसापुढं चिखल बरा दिसतो का?" आता सांग, मिस्त्रीला ओल कुठून सापडणार! शेवटी खालची रबरी नळी चिरलेली निघाली. गुंडानं पाव तासात नवी बसवली. तेव्हा रविवारी सकाळी कऱ्हाडला स्टँडवर थांब, मी तुला मोटारीत घेतो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना एकेक धपाटा.

तुझा बाकावरचा शेजारी,
लालासाहेब

ता. क. पत्र टाकायचं आठ दिवस राहून गेलं. मोटार उत्तम. मोगऱ्यानं मात्र मान टाकली. दोन वर्षांनी त्याला अकरा कळ्या धरल्या होत्या. प्यायचं पाणी झाडाला घालणं मंडळींना पाप वाटतं, सांडलेलं तेवढं चालतं. नुसत्या कळ्या मोजतात.

आणखी एक. काल त्या नव्या नळीला आवळणारी पट्टी मीच दोन आटे सैल केली, पुन्हा ठिपकू लागलंय. मंडळींना सांगू नकोस. रविवारपुरती आवळ म्हणशील, पण ऐन उमलायच्या दिवशी त्या अकरा पोरांना तहानलेलं ठेवायचं का? तर मोटार इथेच राहील; कऱ्हाडला थांबू नकोस, तुझी जीप घेऊन शनिवारीच मला न्यायला इकडे ये. तिसरं कडवं तोंडपाठ आहे.