टॉप लिंकचे चार आटे

प्रिय सबीहा,

सलाम आणि खूप दुआ. हे पत्र आपल्या गावचा शहजाद तुझ्याच हातात देईल, जावईबापू हमजाच्या नाही आणि तुझ्या अम्मीच्याही नाही, असं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलंय. गुरुवारी त्याचं विमान आहे. तो शहरात, अल मन्सूरात, त्याच्या किराणा दुकानाच्या वरच राहतो. उद्या भाजीच्या गाडीतून जाऊन पाकीट त्याला देणार आहे. फोन असताना अब्बा कागद का खरडत बसले, असं तुला वाटेल. अगं, आपल्या घरचा फोन म्हणजे ग्रामसभा. हमजा स्पीकर लावतो, तुझी अम्मी मागून सूचना करते आणि शेजारची रिफत कुंपणावरून माझी तब्येत विचारते. त्या गर्दीत मी नेहमी बरा असतो.

गेल्या जुम्म्याला तू हसत हसत विचारलंस, "अब्बा, हमजाला तिथे अडकवून तर ठेवणार नाही ना?" मी पण हसलो आणि आमच्या मालकांच्या, अरबाबांच्या खजुरांचं काहीतरी सांगून विषय बदलला. त्यानंतर चार दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही. हमजाचा व्हिसा आलाय, वीस तारखेचं तिकीट आहे, चिपळूणच्या गॅरेजमध्ये त्याने मालकाला सांगूनही टाकलंय. त्याने इकडे आखातात यायचं, महिनाभरात माझं काम शिकायचं आणि मी एकोणीस वर्षांनी कायमचं घरी यायचं, असं ठरलंय. तुझी अम्मी म्हणे माझ्या खोलीला चुना लावतेय. सगळे खूश आहेत. तू तेवढी खूश नाहीस, हे मला त्या एका प्रश्नात कळलं. तुझ्या लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही, पोरी.

आता माझं काम काय, ते सांगतो. हमजाने तुला सांगितलं असेल की सासरेबुवा ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर कोणीही चालवेल. दुखानच्या मोठ्या रस्त्यापासून आपल्या मजऱ्यापर्यंत, म्हणजे अरबाबांच्या शेतापर्यंत, तीन किलोमीटरची डांबरी वाट आहे, दोन्ही बाजूंना वाळू. उत्तरेचा वारा दोन दिवस धरून बसला की वाट दिसेनाशी होते. मग मी ट्रॅक्टरच्या मागे आठ फुटी लोखंडी ब्लेड जोडतो आणि वाळू बाजूला लोटतो. हे ब्लेड अरबाबांनी लिलावात घेतलं, कुठल्यातरी थंड मुलुखातून आलेलं. सोबत एक पुस्तक होतं. त्यात लोकरी टोपी घातलेला एक माणूस घरासमोरचा बर्फ काढतोय, मागे त्याची बायको दारात उभी. बर्फ मी जन्मात पाहिला नाही, पण चित्रं बघून ब्लेड लावायला त्याच पुस्तकातून शिकलो. त्या माणसाचं एक बरं आहे, त्याचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो तरी.

जोडणं सोपं आहे. खालचे दोन हात दोन पिनांत अडकवायचे. वरती मधोमध जो आट्यांचा दांडा असतो, तो टॉप लिंक. तो फिरवून ब्लेड पुढे-मागे किती कलायचं ते ठरतं, आणि सगळी अक्कल त्यातच आहे. कल चुकला तर ब्लेड वाळू सोडून खालच्या डांबरात रुततं. पुस्तकातला हिशेब बर्फाचा, तो इथे चालत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी रस्त्याचे चार लचके तोडले, अरबाबांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे मला बरोबर जागा सापडली. ब्लेड तिरकं ठेवायचं तेही वाऱ्याकडे बघून. वाळू वाऱ्याच्या अंगाला टाकलीस तर दुपारपर्यंत ती पुन्हा रस्त्यात येते. टॉप लिंकवर मी नखाएवढी लाल खूण केली आणि ती ग्रीसने झाकून ठेवली. झाकली का? कोणाला कळू नये म्हणून. इथे प्रत्येक जण असं काहीतरी झाकून ठेवतो. पंपवाल्याकडे एक झडप असते, ती त्यालाच कळते. सगळ्यांना सगळं शिकवलं तर आपली गरज काय उरली, असं आम्ही एकमेकांना सांगत आलो आणि त्याला हुशारी म्हणत आलो.

अरबाबांचं वय झालंय. शहरातला, मदिनत खलीफातला व्हिला मुलांना देऊन ते चार वर्षांपूर्वी मजऱ्यावरच राहायला आले. त्यांची मूत्रपिंडं गेलीत. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. म्हणजे तो रस्ता सकाळी सातच्या आत उघडा हवाच. माझा पासपोर्ट माझ्याच पेटीत आहे, सबू. कायदाही आता बदललाय, देश सोडायला मालकाची चिठ्ठी लागत नाही, उद्या विमानात बसलो तर कोणी अडवणार नाही. पण वारा सुटला की मी उठून खिडकीशी जातो. मी गेलो आणि रस्ता बंद राहिला तर म्हातारा जाईल. कुलूप नसलेल्या खोलीत मी एवढी वर्षं बसलोय आणि बाहेर पडायचा धीर होत नाही. गुदमरतो गं मी इथे. हे तुझ्या अम्मीलाही कधी बोललो नाही.

आता ज्याचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, त्याच्याबद्दल सांगतो. बाजीराव. सांगलीकडचा, तिशीचा, अरबाबांची गाडी चालवायला आलेला. मजऱ्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मला चाचा म्हणायचा. ज्वारीचं पीठ मागवून भाकरी थापायचा, मी मासळीचं कालवण करायचो आणि त्यात तिखट नाही म्हणून तो रोज माझी थट्टा करायचा. इतकी वर्षं हिंदीत हसलेला माणूस मी, त्याच्यामुळे परत आपल्या भाषेत हसायला लागलो. दोन वर्षांपूर्वी अरबाब मला म्हणाले, "नसरुद्दीन, बाजीराव को ब्लेड सिखाओ. तुम भी बूढ़ा होता है." त्यांच्या मनात काय होतं ते आज मला कळतं, त्यांना माझी सुट्टी वाढवायची होती. तेव्हा मी एवढंच ऐकलं की माझी गच्छंती ठरली. तुझं लग्न जमवायचं होतं, घराचं छप्पर व्हायचं होतं. मी "हाजिर, अरबाब" म्हणालो आणि आतून जळून गेलो.

बाजीरावाला मी सगळं शिकवलं, लाल खूण सोडून. रोज मी ब्लेड जोडून द्यायचो आणि तो चालवायचा. हात चांगला होता त्याचा, माझ्यापेक्षा चांगला. आठव्या दिवशी अरबाब व्हरांड्यातून बघत होते, त्यांनी मला शाबासकी दिली आणि त्याला चहा पाठवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला. पहाटे उठून मी ब्लेड जोडलं आणि टॉप लिंक माझ्या खुणेपासून चार आटे फिरवला. हात घसरला नाही की झोपेत केलं नाही. मोजून चार आटे. मला वाटलं, रस्त्याचा एखादा तुकडा उखडेल, बाजीराव शिव्या खाईल आणि ब्लेड परत माझ्याकडे येईल. एवढंच वाटलं होतं, अल्ला साक्षी आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

अर्ध्या वाटेवर ब्लेड डांबराखाली घुसलं. पिन तुटली, उचलायचा हात वाकला आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा रुतून बसला. मागून पंपवाल्याने चालवलेली अरबाबांची गाडी आली, तिला पुढेही जाता येईना आणि वाळूतून वळताही येईना. त्या दिवशी डायलिसिस चुकलं. दुपारी अरबाबांचा श्वास लागला. शेजारच्या मजऱ्यावरची उंच गाडी आणून त्यांना नेलं, नऊ दिवस ते इस्पितळात होते. मुलांनी बाजीरावाला तीन दिवसांत घरी पाठवलं. जाताना तो माझ्या खोलीत आला. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही नीट शिकवलं होतं. माझाच हात चुकला. माफ करा मला." मी त्याला माफ केलं, सबीहा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून अरबाबांनी धरून ठेवलंय की ब्लेडला परका हात लावायचा नाही. नसरुद्दीन, नाहीतर नसरुद्दीनच्या घरातला. मजऱ्यावरच्या दोघांची नावं मी सुचवली, दोन्ही वेळा ते "ला, ला, खलास" म्हणाले, म्हणजे नाही म्हणजे नाही. मला मुलगा नाही, म्हणून जावई आण म्हणाले. मी इन्शाल्ला म्हणून बसलो, कारण मला घरी यायचं होतं. माझी सुटका व्हायची तर हमजा इथे अडकणार, आणि त्यामागे तू, जशी तुझी अम्मी माझ्यामागे. तू चार वर्षांची होतीस मी निघालो तेव्हा. तुझे दात पडलेले मी पाहिले नाहीत. तुझ्या पोराचे हमजाने पाहावेत, असं मला वाटतं. हे मला व्हिसा मागायच्या आधी वाटायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात मी बाजीरावाला फोन केला. आता तो गावी कोणाचातरी जेसीबी चालवतो. चार आटे कसे फिरवले ते सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "आधी अरबाबांना सांगा. ते बोलावतील तर मी येईन. तुमच्यासाठी नाही, म्हाताऱ्यासाठी." त्याच्या जागी मी असतो तर एवढंही लिहिलं नसतं.

शुक्रवारी नमाजानंतर अरबाब व्हरांड्यात बसतात, तेव्हा मी त्यांना सांगणार आहे. ते हाकलतील, पोलिसांत देतील किंवा गप्प बसतील, मला माहीत नाही. गावातली निम्मी घरं इथे आहेत, बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही, म्हणून तुला ती आधी माझ्याकडूनच कळावी. पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. गेली दोन वर्षं मी दर शुक्रवारी सांगणार असतो, आणि शनिवारी ब्लेड जोडत असतो. आता हे तुझ्या हातात आहे, तेव्हा मला पळायला जागा नाही. माझा फोन येईल, सगळे गोळा होतील, हमजा स्पीकर लावेल. कोणाची भीड धरू नकोस. खुशाली विचारायच्या आधी सगळ्यांसमोर विचार, "अब्बा, बाजीरावाचं सांगितलंत का?" मी हो म्हणालो तर हमजाने यायची गरज उरणार नाही, माझी वाट बघा, कसाही येईन. मी विषय बदलला तर हमजाचं तिकीट फाडून टाक, आणि मी कितीही ओरडलो तरी ऐकू नकोस.

तुझाच, तुझ्या प्रश्नाला पहिल्यांदाच खरं उत्तर देणारा,
अब्बा