केरातली मिस्सा

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या गायकवृंदाच्या छापील कागदावर टाइप केलेलं, वर जावक क्रमांक, खाली ‘आपला विश्वासू’. सख्ख्या बहिणीला! मी ते फ्रिजवर चिकटवलंय आणि दूध काढताना रोज वाचते. चौदा महिने तू अवाक्षर बोलला नाहीस, आणि बोललास तो शिक्का मारून. लहानपणी तू मला कात्री म्हणायचास, जीभ तशी चालते म्हणून. आज ती चालणार आहे, तेव्हा खुर्ची ओढून बस.

आधी तुझं म्हणणं मीच सांगते, म्हणजे अर्धवट वाचलं असा ठपका नको. शनिवारी संध्याकाळी बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत माझी रचना वाजणार आहे आणि तिला मी ‘मृतांसाठी मिस्सा’ म्हटलंय, हे तुला खपत नाही. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, यंत्रातून काढलेल्या घरघरीला मिस्सा म्हणणं ही मेलेल्या माणसांची थट्टा आहे, आणि जी बाई वर्षानुवर्षं चर्चची पायरी चढली नाही तिला तो अधिकारच नाही. त्यातून आईचं नाव आणि आईचा आवाज काढून टाकायचा, नाहीतर तू भर कार्यक्रमात उभा राहून निषेध करणार. बरोबर ना?

तर उत्तर ऐक. काढणार नाही. नाव बदलणार नाही, आणि आईलाही हलवणार नाही. अधिकाराचं म्हणशील, तर श्रद्धा नसलेल्यांच्याही आया मरतात, दादा. त्यांनाही त्यांचं काहीतरी करावं लागतं. फादरना मी स्वतः जाऊन भेटले. त्यांनी निम्मं ऐकलं, चर्चमध्ये नको म्हणाले, मी बरं म्हटलं. तलावाच्या राखणदाराने मात्र पहिल्या दिवशीच किल्ली दिली. पाणी आटून सहा वर्षं झाली तरी तो अजून सगळ्यांना काठावर चपला काढायला लावतो, आणि मला ते आवडतं.

तू रचना ऐकलेली नाहीस. पोस्टातले काका तालमीला डोकावून गेले आणि त्यांनी जे सांगितलं त्यावर तुझं सगळं पत्र उभं आहे. काका भले आहेत, त्यांचा खर्ज अजून खिडक्या हलवतो, पण पंख्यापलीकडचं यंत्र त्यांना कळत नाही. म्हणून मीच सांगते. माझ्या मिस्सेत गायलेला एकही सूर नाही. आईचा गाता आवाज तर नाहीच नाही. आहे तो केर.

केराला तू हसायचास. रेडिओत लागले तेव्हा माझे पहिले साहेब टेपच्या जमान्यातले होते. बोलणाऱ्याचं खाकरणं, अडखळणं, मोठ्याने घेतलेला श्वास ते ब्लेडने कापायचे आणि कापलेल्या फिती महिनाभर खिळ्यावर टांगून ठेवायचे. म्हणायचे, कापलेलं मागायला माणूस परत येतो. पुढे ब्लेड गेलं, संगणक आला, माझी खोड मात्र तीच राहिली. जे कापते ते ‘केर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या सतरा वर्षांच्या शिंका माझ्याकडे तारीखवार आहेत.

अकरा वर्षांपूर्वी ऑर्गन दुरुस्तीला जायच्या आधी वृंदाची सीडी करायचं तुझ्या मनात आलं. मृतांसाठीची अख्खी मिस्सा, आणि ध्वनिमुद्रणाला घरचीच बाई. आई पहिल्या रांगेत, तुझ्यासमोर हातभर अंतरावर. तिचा श्वास आठवतो ना? पुढच्या दोन दातांच्या फटीतून बारीक शीळ घालत आत जायचा. चाळीस वर्षं कोणाच्या ना कोणाच्या मयताला ती गायली आणि चाळीस वर्षं सगळा वृंद त्या शिळेवर सूर उचलत आला. ताल द्यायला हात तू हलवायचास, ते दिसायला छान दिसायचं. मुद्रण ऐकल्यावर तू म्हणालास, आईचा श्वास फार येतोय, तेवढा काढून टाक. मी काढला. एकशे त्रेचाळीस श्वास, एकेक करून, कुठे जोड कळणार नाही असे. इतकं सफाईचं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. आपण दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. आईने सीडी शेवटपर्यंत ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “छान झालंय रे. पण ही बाई दमत नाही का?” आपण हसलो. तीही हसली, बहुतेक आपल्याला सोबत म्हणून.

ती गेली तेव्हा वृंदच गाणार असं मी धरून चालले होते. तालमीत तुम्ही दोनदा सुरुवात केलीत आणि दोनदा विस्कटलात, हे मला मावशीने फार नंतर सांगितलं. (मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुला विचारत होती. फोन कर तिला, तिच्याशी तर तुझं भांडण नाही.) उचलायला शीळच नव्हती, तर गाणार कसे? मग तू सीडी लावायचं ठरवलंस. तुझ्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पुढच्या बाकावर, समोर पेटी, पेटीत आई, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आई गायला लागली. लोक डोळे टिपत होते. किती जिवंत वाटतंय, असं मागून कोणीतरी म्हणालं. दादा, मी नऊ मिनिटं कान देऊन बसले होते आणि नऊ मिनिटांत तिने एकदाही श्वास घेतला नाही. पेटीतही नाही आणि गाण्यातही नाही. पेटीतला देवाने काढला होता, गाण्यातला मी. माझा जीव गुदमरला. मी उठले आणि बाहेर पडले.

सायकली लावतात त्या जागेपाशी उभी राहून मी नुसती धापा टाकत होते. दफनाच्या वेळीही लांबच थांबले. तू समजलास की हिला देवधर्म नको, म्हणून हिने सगळ्यांदेखत आईच्या मिस्सेतून पाय काढला. तेच सगळीकडे झालं. मी खुलासा केला नाही, कारण खुलासा एवढाच होता की काढायला तू सांगितलंस आणि काढलं मी. त्या दिवशी तुझा चेहरा असा होता की तो खुलासा मी तुझ्या तोंडावर फेकू शकले नसते. आज फेकतेय. चौदा महिन्यांत तुझा चेहरा सुधारला असेल अशी आशा आहे.

दोन महिन्यांनी मी केर उघडला. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस तिथे होते. त्यांचीच मिस्सा केली. भाग सगळे तुमच्याच क्रमाने आहेत, एकही इकडचा तिकडे केलेला नाही. ‘चिरंतन शांती’च्या आधीचा आईचा श्वास चाळीसपट संथ केला की त्या शिळेचा ऑर्गन होतो, आणि रागावू नकोस, तुझ्या ऑर्गनपेक्षा सुरात होतो. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ला तीन श्वास आहेत. तिसरा जरा हसरा आहे, कारण त्या वेळी शिंपीकाका एक ओळ आधीच सुरू झाले होते. ‘क्रोधाचा दिवस’ या अंतिम न्यायाच्या भागाला बाकीच्यांचा केर लावलाय. खोकले, पानं उलटणं, खुर्च्या सरकणं, कोणाचं तरी गुरगुरणारं पोट, सगळं बारा स्पीकरमधून त्या रिकाम्या टाकीत घुमतं. पोस्टातले काका घाबरले ते तिथेच. घाबरू देत, त्या भागाला घाबरायचंच असतं. आणि जिथे वृंदाने गायचं तिथे मी काहीही ठेवलेलं नाही. श्वास येतो, मग ती ओळ जेवढी लांब तेवढी शांतता, मग पुढचा श्वास. तेव्हा आपण गाणं ठेवलं आणि आईला केरात टाकलं. आता मी आईला ठेवलंय. तू याला घरघर म्हण, पाखंड म्हण, माझं काही अडत नाही. मला ती दमलेली ऐकायची होती. मला माझी आई हवी होती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. श्वास साफ करताना आईच्या प्रत्येक श्वासाखाली मला दुसरा एक सापडला. जाडसर, नाकातून घेतलेला, तिच्या केसभर मागे. आधी वाटलं प्रतिध्वनी असेल. मग ओळखला, बारा वर्षं एका खोलीत झोपलोय आपण. तुला गायचं नव्हतं, नुसता हात हलवायचा होता, तरी दर ओळीला तू तिच्यामागोमाग छाती भरून घेत होतास. म्हणजे वृंदाबरोबर तूही तिच्याच शिळेवर उचलत होतास. तुझा वेगळा काढायला मी तीन आठवडे घालवले, कारण तेव्हा मला तू त्यात नको होतास. पण तुझा काढला की आईचा म्हणून जो उरतो ती नुसती नळातली हवा. शेवटी तू राहिलास. कार्यक्रमाच्या पत्रिकेतलं आईचं नाव काढ म्हणतोस, ते काढलं नाहीच, उलट त्याच्याखाली तुझं घातलंय, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि पत्रिका काल छापायला गेली. ते शनिवारी दारात उभं राहून तुला परक्यासारखं वाचायला लागू नये, म्हणून हे पत्र. ये किंवा येऊ नकोस. निषेधाला उभं राहायचं असेल तर खुशाल राहा आणि सगळ्यांसमोर सांग की यात तुझं काही नाही. फक्त ते सांगण्याआधी तुला श्वास घ्यावा लागेल, आणि तोवर त्या लोकांनी तो एकशे त्रेचाळीस वेळा ऐकलेला असेल.

तुझीच,
कात्री