उजव्या फांदीतला शेंगदाणा

ती. सत्यशीलाअक्कास,

मिरजगावहून वैजनाथचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, दाजींची शुगर कशी आहे, भिंगारला पाणी वेळेवर येतं का, ते कळव. इकडे आम्ही ठीक. (म्हणजे मी आता ठीक. डॉक्टरांनी चार दिवस कमी बोलायला सांगितलंय, म्हणून फोन न करता लिहितोय. घरात सगळ्यांना फार बरं वाटतंय.)

आपल्या वृषालीला पाहायला तू सुचवलेली भिंगारची मंडळी आली होती. पोहे सगळेच देतात, म्हणून मी शेतात हुरड्याचा बेत केला. होणारे व्याही मोठे गप्पिष्ट. त्यांनी काहीतरी विनोद सांगितला. मला तो कळला नाही, पण मुलीचा बाप म्हणून हसलो, आणि तोंडातला शेंगदाणा अन्नाची वाट सोडून श्वासाच्या वाटेला लागला. तिथंच जोरात खोकलो असतो तर बाहेर पडला असता. पण व्याह्यांच्या पुढ्यात खोकायचं कसं? मी तोंडावर उपरणं धरलं आणि ठसका आत ओढून घेतला. (मर्यादेचा उपयोग एवढाच झाला की दाणा आणखी खाली गेला.) नंतर पंधरा दिवस खोकत होतो. गावानं टीबी ठरवून टाकला, आणि ती बातमी भिंगारलाही गेली असावी, कारण तिकडून निरोपच येईना. पोरीचं जमत आलेलं माझ्या छातीपायी मोडतंय, याचा त्रास मला खोकल्यापेक्षा जास्त झाला, अक्का.

शेवटी नगरला दाखवलं. डॉक्टरांनी फुफ्फुसाचं चित्र काढून समजावलं. आपलं डाळिंबाचं झाड उलटं टांगल्यासारखंच दिसतं! श्वासनळीचं खोड, त्याला दोन मोठ्या फांद्या, उजवीला पुढं तीन, डावीला दोन, मग डहाळ्यांना डहाळ्या. डावी फांदी हृदयाला वाट देत आडवी वळते. उजवी मात्र रुंद, आखूड आणि बरीच सरळ. म्हणून चुकून आत गेलेलं बहुधा उजवीकडं सापडतं. मी म्हटलं, डॉक्टर, तीस वर्षं छाटणी करतोय, असली फांदी मी ठेवतच नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग नळी घालून दाणा काढला. चांगला फुगला होता.

सोबत बाटलीत तो दाणा आहे आणि डॉक्टरांचा कागदही आहे. त्या मंडळींना दोन्ही दाखव आणि सांग, वैजनाथला टीबी नाही, भुईमूग झाला होता. एवढं काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

तुझा धाकटा,
वैजनाथ

ता. क. : पाकीट बंद करायच्या आधी वृषालीनं पत्र वाचलं. म्हणाली, "पप्पा, तुमी गुदमरत हुता तवा पाठीत बुक्क्या मी एकटीनं घातल्या. ती मानसं हुरडा खात बसली हुती. मला न्हाई जायचं त्या घरात." मी पुन्हा पेन उघडलं.

ता. क. २ : बाटली दाखवू नकोस. आमचा नकार तेवढा कळव. कारण विचारलंच तर टीबी आहे म्हणून सांग.