गुंडे, सांग तिला

ता. १२, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

मी इकडे खुशाल, तूही तिकडे खुशाल असशील, असं काहीतरी सुरुवातीला लिहायची रीत आहे. इकडे म्हणजे शिलाईची खोली, तिकडे म्हणजे तुझं कापायचं टेबल, आणि मध्ये उघडं दार. तेव्हा तू खुशाल नाहीस हे मला दिसतंच आहे. शेजारच्या खोलीतल्या बहिणीला पत्र लिहायची वेळ आली, याचं तुला हसू आलं तर येऊ दे.

तू अस्तराचं कापड आणायला बाहेर गेली आहेस, तोवर हे लिहून व्हावं. मशीनला तेल दिलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या पडद्यांना कड्या लावून झाल्या, संध्याकाळी त्या न्यायला येतील. काळा दोरा संपत आलाय. तू आणणार आहेस की नाही, मला माहीत नाही. दोरा संपत आलाय हे तुला सांगणार कोण?

बेकरीवाल्यांच्या कोटाचा घोळ माझ्यामुळे झाला. सकाळी ते आरशासमोर उभे राहिले आणि कोट एका बाजूला कललेला, भिंतीवरचा फोटो कलावा तसा. पिठाची पोती वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा उतरलाय. माप तू घेतलंस, तुला ते ठाऊक होतं. मी मात्र दोन्ही खांदे सारखे शिवले. एरवी तू टेबलावरूनच म्हणाली असतीस, "गुंडे, सांग तुझ्या मावशीला, उजवा खांदा अर्धा इंच उतरता घे म्हणावं." मीही इथून ओरडले असते, "गुंडे, तुझ्या मावशीला म्हणावं, कळलं." बिचाऱ्या मांजरीला दोन मावश्या होत्या, आई एकही नव्हती.

तू बेकरीवाल्यांसमोर मला काही बोलली नाहीस. कोट घेतलास आणि ब्लेडनं उसवायला बसलीस. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असतेस तर मला बरं वाटलं असतं.

चार वर्षं आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, आणि दिवसभर बोलतही होतो. मापं, गिऱ्हाइकं, भाजीत मीठ जास्त पडल्याचे टोमणे, सगळं गुंडीकरवी. मला ताप आला तेव्हा तू दारात उभी राहून तिला म्हणालीस, "गोळी घेतली का विचार तिला, का डॉक्टरलाच घरी आणून बसवू?" गुंडी आपली पंजा चाटत होती. मी तिच्याच कानात सांगितलं, घेतली म्हणून. पडदेवाल्या बाई एकदा म्हणाल्या, "तुमची मांजर म्हणजे टेलिफोनच आहे की." आपण दोघीही हसलो होतो, पण तोंडं फिरवून.

हे सगळं कशावरून सुरू झालं ते आपण दोघींनीही कधी काढलं नाही. तयार कपड्यांच्या परगावच्या कारखान्यातून मला बोलावणं आलं होतं. मी तुला विचारलं, जाऊ का? तू कात्री न थांबवता म्हणालीस, "जा की. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही." मी गेले नाही. राहिले, पण तोंड शिवून घेतलं. त्याच महिन्यात मागच्या अंगणात एक मूठभर पिल्लू सापडलं, तू ते बटणांच्या डब्याच्या झाकणात ठेवून आत आणलंस आणि नाव पडलं गुंडी. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "गुंडे, दूध कुठंय विचार तिला." आणि मी ते ऊन करून दिलं.

ती गेली त्या सकाळबद्दल लिहायचं मी टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती तुझ्या टेबलावर होती, खडूच्या रेघांवर पसरलेली. तू तिला सरकवत होतीस आणि ती पुन्हा तिथंच येत होती. मग तिनं खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारली. नेहमीचीच उडी. कट्ट्यावर पोचली, एक बारीकसा आवाज केला आणि आडवी झाली. मला वाटलं ऊन खायला पडली. जनावरांच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत टोपलीतलं वजन बदललेलं मला हातालाच कळलं होतं. तू टोपलीची दुसरी कडी धरली होतीस, तुलाही कळलं असणार.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं, आधी काही कळत नाही, तुम्ही काही करू शकला नसता. मग त्यांनी विचारलं, "मांजर कोणाची?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस, मी तुझ्याकडे, आणि दोघी एकदमच म्हणालो, "हिची." बिचाऱ्या डॉक्टरचीही आपण गुंडी करून टाकली.

घरी आल्यावर तू ते चांगलं मऊ अस्तर काढलंस, राखी रंगाचं, आणि माप न घेता कापलंस. तुला माप न घेता कापताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी चारही कडा दुमडून शिवल्या. मातीत घालायच्या कापडाच्या कडा कोणी शिवतं का, पण सुटे दोरे तिच्या नखांत अडकायचे आणि ती चिडायची, म्हणून शिवल्या. मग अंगणात तू माती ओढलीस. कोणी कोणाला काही सांगायची गरज पडली नाही.

मला तिची फार आठवण येते, ताई. कात्रणांची टोपली मी अजून रिकामी केलेली नाही, तिच्या अंगाचा खळगा आहे तसा आहे. पायडलवर पाय ठेवायच्या आधी मी अजून खाली वाकून बघते, तिची शेपूट तर नाही ना. लोक म्हणतात दुसरी आणा. मला दुसरी नको. बेकरीवाल्यांच्या कोटाच्या कॉलरमध्ये तिचा एक पांढरा केस मी मुद्दाम शिवलाय. खांदा उसव, पण कॉलर उसवू नकोस.

आता जे सांगायला बसले ते सांगते. कारखान्यातून पुन्हा विचारणा आली आहे. उद्या कळवायचंय. गुंडीही नाही, मग इथं कोणासाठी राहायचं, असं माझ्या मनात आलं होतं. ट्रंक पलंगाखालून काढली ती तू पाहिलीसच. काही म्हणाली नाहीस. म्हणणार तरी कोणाकरवी?

पण परवा दुपारी तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस. "गुंडे, तिला म्हणावं, वाढलंय." नेहमीच्या आवाजात. आणि मग तुझ्या हातातली पळी थांबली.

मी ऐकलं, ताई. प्रत्येक शब्द ऐकला. उठून यायला हवं होतं. त्याऐवजी मी पायडल मारायला लागले, जोरजोरात, मशीनवर कापड नसताना. मला ऐकू आलं नाही असं तुला वाटावं म्हणून. तू कितीतरी वेळ आतच उभी होतीस. मी पायडल थांबवलं तेव्हा तू ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. जेवण मी नंतर गार झाल्यावर खाल्लं, आणि खाताना रडले. गुंडीसाठी रडले असंच मला वाटत होतं.

दोन दिवस मी त्या हाकेचाच विचार करतेय. हाक तू गुंडीला मारलीस, पण वाढलं होतंस माझ्यासाठी. चार वर्षं तसंच होतं. मी रागात होते म्हणून नुसतं गुंडीचं नाव ऐकत राहिले.

जिन्यात तुझी पावलं वाजतायत. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी तू पिशवी टेकवून दम खातेस, तेवढाच वेळ आहे.

हे पत्र टेबलावर तुझ्या मोठ्या कात्रीखाली ठेवते, म्हणजे वाचायला ती बाजूला ठेवावीच लागेल. उत्तर लिहीत बसू नकोस. मागं विचारलं होतं तेच पुन्हा विचारते. जाऊ का? तुझं अडत नसेल तर तसं सांग, मी जाईन, आणि या वेळी रुसणार नाही. पण अडत असेल तर तेही तुझ्याच तोंडानं मला सांग.

मी आत मशीनपाशीच बसले आहे. मशीन बंद ठेवलंय. तू हळू बोललीस तरी ऐकू येईल.

चार वर्षं जिला तू या नावानं हाक मारली नाहीस, ती तुझी,
ठकी