तेवीस नंबरची काच

३ मार्च, सोमवार

पुन्हा मोजणार नाही. नाही म्हणजे नाही!

सर म्हणाले, "ताई, तेवीस नंबरच्या काचेत काहीतरी घोळ झालाय. डाग एवढे, आणि पेशी इतक्या शांत? असं नसतं." नसतं म्हणजे काय? दिसलं ते लिहिलं. एकोणीस वर्षं त्याच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेय. डाव्या हातातल्या मोजणीयंत्रावर शांत पेशी, उजव्या हातातल्यावर चिडलेल्या. टिक, टिक, टिक. कुणाच्या मेंदूची काच, ते मला कळू नये असा नियमच आहे. फक्त नंबर. मग घोळ घालून मला मिळणार तरी काय?

४ मार्च

दादाचा फोन. "तू दिवसभर मोजतेस तरी काय गं?"

सांगितलं. मेंदूत आपल्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी पहाऱ्याला असतात. शांत असल्या की बारीक लांब हातांनी चाचपत राहतात, केरकचरा काढतात. पण विसरण्याच्या आजाराचे डाग साचले की बहुतेकदा बिथरतात, फुगतात, आणि डागांबरोबर चांगल्या जोडण्याही खाऊन टाकतात. वॉचमननं चोर सोडून घरच्यांनाच झोडपावं, तसं!

दादा हसला. मग म्हणाला, "आईच्या डोक्यात हेच झालं असणार."

असणारच. स्कॅनमध्ये डाग होते ना. म्हणून तर — जाऊ दे.

६ मार्च

जाऊ दे म्हटलं, पण जात नाही.

मेंदू दान करायचा फॉर्म आईनं स्वतः भरला होता. "जिवंतपणी या घरात कुणी माझं डोकं चालू दिलं नाही, मेल्यावर तरी चालू दे!" मग दर सहा महिन्यांनी आमच्याच संस्थेची माणसं येऊन तिची स्मृतिचाचणी घ्यायची. निकाल घरच्यांना सांगत नाहीत, पाकिटात बंद. स्कॅन मात्र डॉक्टरांनी दाखवला. डाग बघितले आणि दादानं वृद्धाश्रम ठरवला. सही दोघांची. वर्षभर, प्रत्येक भेटीला तिचं एकच — "मला घरी ने. मला काही झालेलं नाही." दादा मला दाराबाहेर नेऊन म्हणायचा, "ती नाही गं बोलत, तिचा आजार बोलतोय." मी मान डोलवायचे. तिथेच गेली ती, दोन वर्षं झाली.

यंदाच्या साठ काचांत तिचीही आहे. सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नंबरापलीकडे तुम्हाला काही कळणार नाही," म्हणाले. खरंच कळत नाही.

१० मार्च

आज सगळ्यांसमोर सर म्हणाले, "ही एक काच वगळली तर आलेख सरळ येतो."

"सरळ करायला मी काय इस्त्री आहे, सर?"

मग रंगारी बोलला — काचांना रंग देतो, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणतात. "सर, रंग चोख बसलाय. त्याच खेपेच्या बाकीच्या काचा बघा की." सरांनी चहा थंड होईस्तोवर ढवळला. मी ताठ मानेनं घरी आले. भाजी करपली. तीच मजेत खाल्ली.

११ मार्च

डोळे ठणकतायत. तरी नाही!

१७ मार्च

हा तर कहरच! सरांनी तीच काच नवा नंबर चिकटवून गुपचूप माझ्या ट्रेमध्ये सरकवली होती. माझीच परीक्षा! पहिल्यांदा चिडलेल्या पेशी एकतीस होत्या, आज तेहेतीस.

"शेकड्यांनी पेशी, आणि फरक दोनाचा," सर म्हणाले. चक्क कान पकडले. "चुकलो, ताई. तेवीस राहणार."

राहणारच! पण मी सोडते काय? चांगलं सुनावलं. "काच काय सांगते ते ऐकायचं, सर. आपल्याला हवं ते तिच्या तोंडी घालायचं नाही." रंगाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. येताना स्वतःला नवी चप्पल घेतली. एकोणीस वर्षांत असं कुणाला ऐकवलं नव्हतं.

२० मार्च

उद्या पाकिटं फुटणार. मोजणी पूर्ण झाली की नातलगाला आपल्या माणसाचा नंबर विचारता येतो. विचारणार आहे.

२१ मार्च

तेवीस.

शेवटची स्मृतिचाचणी, जाण्याच्या चार महिने आधी, वृद्धाश्रमात — तीसपैकी अठ्ठावीस.

"मला घरी ने." आजार नव्हता बोलत. आई बोलत होती.