कमरेला खोचलेली ग्रीप

आई, टेंभुर्णीची आपली पिठाची गिरणी कधीच बंद झाली, तरी तिथला जनरेटर माझ्या डोक्यात धडधडतोच. लाईट सारखी जायला लागली तेव्हा तू तो घेतलास. दळण घेऊन आलेल्या वायरमनने तुला बजावलं होतं, की जनरेटर लावण्याआधी मीटरजवळच्या फ्यूजची चिनीमातीची ग्रीप काढायची; नाहीतर घरातला करंट उलटा तारेवर जातो आणि खांबावरचा माणूस जागीच मरतो. तेव्हापासून लाईट गेली की तू आधी ग्रीप काढून कमरेला खोचायचीस. दळणाला आलेल्या बायका चिडवायच्या, लोकांच्या कमरेला किल्ल्या, हिच्या कमरेला फ्यूज. तू पीठ झटकत हसायचीस.

माझ्या हळदीची संध्याकाळ. पाहुणे आलेत आणि नेमकी आपल्या गल्लीची तार तुटते. तोच वायरमन कोपऱ्यावरच्या खांबावर चढलाय. मांडव समोरच्या अंगणात, त्याचे दिवे समोरच्याच घराच्या मीटरवर जोडलेले. मामाने अक्कल लढवली: ग्रीप परत बसवायची, म्हणजे जनरेटरचा करंट खांबावरून समोर जाईल आणि मांडव उजळेल. पण ग्रीप तुझ्या कमरेला. तू नव्या लुगड्यात जनरेटरपुढे पाट टाकून बसलीस.

"अक्का, दोन मिनटाचं काम हाये. पाव्हण्यांपुढं बराबर दिसत न्हाई," मामा म्हणाला.

"पाव्हण्यांला कंदील दाव. वर कोणाचं तरी लेकरू चढलंय. ते खाली आल्याबिगर मी उठणार न्हाई."

मामा रुसला, जेवलाही नाही. मला कंदिलाच्या उजेडात हळद लागली. तार जोडून वायरमन उतरला, तेव्हा कुठे तू उठलीस आणि आधी त्याच्या हातात चहा दिलास. पिवळ्या तोंडाने मी ते बघत होते. ही माझी आई आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

आता मी वीज कार्यालयात इंजिनिअर आहे. जाफराबादपर्यंत दुकानोदुकानी जनरेटर आलेत, आणि जनरेटर लावताना लाईनचा संबंध तोडणारा खटका जिथे नाही तिथे मी हटून बसते. परवा एक दुकानदार वैतागला, मॅडम, लाईन तर बंदच आहे, कोण मरतंय? मी म्हटलं, वर कोणाचं तरी लेकरू चढलेलं असतं. हे कुठं लिहिलंय, त्याने विचारलं. नियमात आहे, मी ठणकावलं.

तू तर आता या जगात नाहीस; हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? इथेच घडी घालते. खटक्याचा नियम आहे, आई, पण ते वाक्य त्यात नाही. मी सगळीकडे तुझंच वाक्य नियम म्हणून सांगत फिरते.